लाल तेल, पिवळं तेल

चंद्रपूर, मूल, ब्रह्मपुरी, आरमोरी, आलापल्ली. यांतल्या कुठल्याही गावात मोटारसायकलच्या गॅरेजवर जाऊन ‘ब्रेक ऑइल द्या’ म्हटलं, की मिस्त्री फळीवरून एक लहानशी बाटली काढून हातात ठेवतो. तिच्यावर डॉट ३ नाहीतर डॉट ४ छापलेलं असतं. पल्सर असो, अपाचे असो, नाहीतर बोलेरो, त्या बाटलीवर सगळ्यांचं भागतं. आजवर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत ब्रेक ऑइल म्हणजे हीच बाटली होती आणि त्यात काही बिघडतही नव्हतं. पण आता हायड्रॉलिक डिस्क ब्रेकच्या माउंटन बाइक नागपूरहून किंवा ऑनलाइन मागवून इकडे यायला लागल्या आहेत. त्यांतल्या पुष्कळ सायकलींच्या ब्रेकमध्ये ते तेल टाकलं, तर ब्रेक कायमचा बाद होतो.

खरी भानगड रबराची आहे. ब्रेकच्या आत तेल अडवून धरणारी सीलं असतात. डॉट तेल ग्लायकॉल जातीचं, त्याच्यासाठी ईपीडीएम नावाचं रबर वापरतात. शिमानो, टेक्ट्रो, मॅगुरा यांचे सायकलचे ब्रेक मात्र खनिज तेलावर चालतात आणि त्यांची सीलं वेगळ्या रबराची असतात. एकाचं तेल दुसऱ्यात गेलं की सील फुगतं, मऊ पडतं. फसवणूक अशी, की पहिल्या दिवशी ब्रेक झकास लागतो. काही दिवसांनी लिव्हर परत यायला आळस करू लागतो, आणि एक दिवस दाबलेला दाबलेलाच राहतो. पॅड डिस्कला धरून बसतात आणि चाक फिरेनासं होतं. तेव्हा डॉट तेल काढून खनिज तेल भरलं तरी उपयोग नसतो, कारण रबरात मुरलेलं बाहेर येत नाही. मोटारसायकलच्या ब्रेकची सील किट बाजारात मिळते, शिमानोच्या सायकल ब्रेकची मिळत नाही. लिव्हर आणि डिस्कला पॅडनं धरणारा खालचा कॅलिपर, दोन्ही नवे घ्यावे लागतात.

ओळखायचं कसं? सोपं आहे. शिमानोच्या लिव्हरवर तेलाच्या टाकीच्या झाकणावरच फक्त खनिज तेल वापरा अशी इंग्रजीत सूचना असते. शिमानोचं तेल लालसर-गुलाबी, मॅगुराचं निळं. डॉट तेल फिकट पिवळं, जुनं झालं की चहासारखं तपकिरी. स्रॅम कंपनीचे पुष्कळ ब्रेक डॉटवर चालतात, ब्रिटनच्या होप कंपनीचेही. पण स्रॅमनंच अलीकडे डीबी ८ आणि मेव्हन हे खनिज तेलाचे ब्रेक काढले आहेत. म्हणून कंपनीच्या नावावर जाऊ नका, त्या लिव्हरवर काय लिहिलंय ते वाचा. डॉटमध्येही एक खड्डा आहे. डॉट ४ आणि डॉट ५.१ ही एकाच कुळातली, एकमेकांत चालणारी. डॉट ५ हे मात्र सिलिकॉनचं, वेगळंच तेल. आकडा मोठा म्हणून माल भारी, अशा समजुतीनं ते उचलू नये.

तेलाला एवढा मान का, हे कळायला ब्रेकच्या आत काय घडतं ते पाहावं लागेल.

आपल्या जुन्या काळ्या सायकलीला दांड्याचे ब्रेक होते. लिव्हर ओढला की दांडे ओढले जायचे आणि रबर रिमला घासायचं. पुढे दांड्यांच्या जागी केबल आली. दोन्हींत बोटांचा जोर ओढत नेला जातो, आणि वाटेत गंज, धूळ, वळणं त्यातला वाटा खातात. तेलाचा ब्रेक ओढत नाही, ढकलतो. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला की तो सगळीकडे सारखाच पोचतो, हे सतराव्या शतकात फ्रान्सच्या ब्लेझ पास्कालनं मांडलं. त्यावर चालणारा ब्रेक मोटारीला बसवण्याची कल्पना अमेरिकेत माल्कम लॉकहीडची. १९२१ च्या ड्युसेनबर्ग मोटारीला चारही चाकांना असे ब्रेक होते. सायकलला हे तेल आलं ते फार उशिरा. जर्मनीच्या मॅगुरानं १९८७ मध्ये रिमवर लागणारा हायड्रॉलिक ब्रेक आणला, आणि डिस्कची खरी लाट नव्वदीच्या दशकातली.

हिशेब मांडून पाहू. समजा बोटानं लिव्हरवर चार किलोचा जोर दिला. लिव्हरच्या तरफेमुळे तो आतल्या लहान दट्ट्यावर पाचपट, म्हणजे वीस किलो होऊन पडतो. हा दट्ट्या १० मिलिमीटर व्यासाचा धरला तर त्याचं क्षेत्रफळ पाऊण चौरस सेंटिमीटरच्या आसपास येतं. म्हणजे तेलातला दाब दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २५ किलो, कारच्या चाकात हवा भरतो त्याच्या दहापट. खाली कॅलिपरमधले दट्टे २२ मिलिमीटरचे. त्या प्रत्येकावर ९५ किलोच्या घरात जोर येतो, दोन्ही बाजूंनी. एका बोटानं चार किलो लावले आणि डिस्क दोन्हींकडून जवळजवळ क्विंटलाच्या चिमट्यात सापडली.

कॅलिपरच्या दट्ट्याभोवतीचं सील चौकोनी कापाचं असतं. ब्रेक दाबला की दट्ट्या पुढे सरकतो आणि सील त्याच्याबरोबर किंचित मुरडतं. सोडला की ते आपल्या जागी परत येतं आणि दट्ट्याला मागे खेचतं. दट्ट्याला मागे खेचायला स्प्रिंग नाही, हे काम रबराची मुरड करते. पॅड झिजले की दट्ट्याला जास्त पुढे जावं लागतं, तेव्हा तो सीलातून थोडा घसरतो आणि तिथूनच नवी सुरुवात धरतो. त्यामुळे या ब्रेकला केबलसारखं वरचेवर आवळावं लागत नाही. झिजेची भरपाई वरच्या टाकीतून आलेलं तेल करतं. टाकीत तेलावर रबराची एक पातळ पिशवी बसवलेली असते. तेल खाली गेलं की पिशवी खाली झुकते, तापून फुगलं की वर सरते.

आता यात हवा शिरली तर काय होतं? तेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. लिव्हरमधला दट्ट्या बारा मिलिमीटर सरकतो असं धरलं तर एका दाबात तो जेमतेम एक मिलिलिटर तेल पुढे ढकलतो. पाइपात अर्ध्या मिलिलिटरचा बुडबुडा असेल, तर २५ किलोच्या दाबाखाली तो चिरडून जवळपास नाहीसा होतो, आणि लिव्हरची अर्धी चाल त्या चिरडण्यातच संपते. बोटाला लिव्हर स्पंजासारखा लागतो, हँडलपर्यंत येतो, आणि पॅड डिस्कला नुसते टेकतात. अर्धा मिलिलिटर म्हणजे किती, तर औषधाच्या ड्रॉपरमधले दहाएक थेंब.

ही हवा येते कुठून? एक मार्ग आपल्या हाताचा आहे. आपल्याकडे पंक्चर काढायचं म्हटलं की मिस्त्री पहिल्यांदा सायकल उलटी करतो, सीट आणि हँडलवर उभी. काळ्या सायकलीला ते चालतं. हायड्रॉलिक ब्रेकच्या टाकीत पिशवीखाली थोडी हवा साचली असेल, तर सायकल उलटी झाल्यावर ती हवा चढून पाइपाच्या तोंडाशी येते, आणि अशात कुणी लिव्हर दाबला की आत जाते. सायकल एसटीच्या टपावर आडवी टाकून नेली तरी हेच. ब्रेक नीट भरलेला असेल तर काही बिघडत नाही, पण बिघडलं तर तिथूनच बिघडतं. सायकल सरळ उभी करून लिव्हर दहा-वीसदा हळूहळू दाबून पाहावा, कधी कधी हवा आपण होऊन वर टाकीत परत जाते. रात्रभर लिव्हर रबरबँडनं बांधून ठेवायचा तोडगाही सांगतात. त्यानं कधी जमतं, पण पक्कं काम होत नाही.

दुसरी चूक चाक काढल्यावरची. चाक नसताना कुणी पोरानं गंमत म्हणून लिव्हर दाबला की दोन्ही पॅड एकमेकांना भिडतात आणि मधे डिस्क जाईल अशी जागाच उरत नाही. मग पॅड काढून दट्टे सपाट प्लास्टिकच्या पट्टीनं किंवा टायर काढायच्या प्लास्टिकच्या लिव्हरनं हळूच मागे रेटायचे. स्क्रू ड्रायव्हर खुपसू नये. बऱ्याच ब्रेकचे दट्टे सिरॅमिक किंवा प्लास्टिकचे असतात, त्यांचा टवका उडतो आणि तिथून तेल पाझरतं. चाक काढून सायकल गाडीत टाकायची असेल तर पॅडच्या मधे घडी घातलेला जाड पुठ्ठा खोचावा. फुकटचं काम आहे.

पण हवा काढायला बसण्याआधी रोग हवेचाच आहे का, ते बघावं. पुष्कळदा तसा नसतो. लिव्हर मऊ आहे आणि दोन-तीनदा भराभर दाबल्यावर घट्ट होतो, तर हवा आहे. लिव्हर दाबून धरला आणि तो हळूहळू हँडलकडे बसत चालला, तर कुठेतरी गळती किंवा सील गेलंय. पाइपाचे दोन्ही सांधे आणि दट्ट्यांची कड कागदानं टिपून पाहा. आणि लिव्हर दगडासारखा घट्ट आहे, तरी सायकल थांबत नाही, बैल हंबरल्यासारखा आवाज येतो, तर तेलाला हात लावू नका. तिथे दोष पॅडचा आहे. त्यांना तेल किंवा ग्रीस लागलंय नाहीतर ते झिजून संपलेत.

पॅडला तेल लागायला या भागात निमित्तं भरपूर. घुग्घुस, बल्लारपूर, गडचांदूर या पट्ट्यात कोळशाच्या आणि सिमेंटच्या ट्रकांची रीघ असते. रस्त्यावर डिझेलचे डाग, त्यांवर काळी-राखाडी धूळ, आणि ती सगळी चाकाबरोबर वर उडते. त्याहून मोठा शत्रू घरात असतो, गंज काढायचा स्प्रे. चेन कुरकुरते म्हणून तो मारला की त्याची वाफ डिस्कवर बसते. वॉशिंग सेंटरवर मोटारसायकलसोबत सायकललाही जोरदार पाण्याचा फवारा मारून घेतला, तरी चेनचं ग्रीस उडून डिस्कवर जातं. डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसली की स्वच्छ होते. ते औषधाच्या दुकानात मिळतं. पॅड मात्र सच्छिद्र असतात, शोषलेलं तेल सोडत नाहीत. गॅसवर भाजून, सँडपेपरनं घासून ते वाचवण्याचे उद्योग लोक करतात. माझ्या मते उताराच्या रस्त्यावर ज्याच्यावर जीव टाकायचा ते पॅड असे वाचवू नयेत, नवे घालावेत.

नव्या पॅडमध्येही निवड आहे. रेझिनचे पॅड मऊ असतात, आवाज करत नाहीत आणि लगेच धरतात, पण चिखलात भराभर झिजतात. धातूचे जास्त टिकतात आणि गरम झाले तरी दगा देत नाहीत, मात्र किंचाळतात. गडचिरोलीत पाऊस चांगला पडतो. रोवणीच्या दिवसांत पांदणीतून किंवा बांध्यांच्या कडेनं सायकल घातली की डिस्कवर वाळूमिश्रित चिखलाचा लेप बसतो आणि तो पॅडवर पॉलिश पेपरसारखा चालतो. नवा रेझिन पॅड एका दिवसाच्या अशा चिखलातही बराच उतरू शकतो. पावसाळ्यात धातूचे बरे, असंच मी म्हणेन, पण एक अट आहे. शिमानोच्या स्वस्त ब्रेकसोबत येणाऱ्या बऱ्याच डिस्कवर फक्त रेझिन पॅडसाठी असं कोरलेलं असतं. त्यांचं पोलाद मऊ, धातूचे पॅड ते खाऊन टाकतात. त्याच डिस्कवर किमान जाडीही लिहिलेली असते. नवी डिस्क १.८ मिलिमीटर जाड असते, १.५ वर आली की बदलायची. पॅडवरचा मसाला अर्धा मिलिमीटर उरला की त्याचीही वेळ भरली.

उन्हाचं काय? चंद्रपूर आणि ब्रह्मपुरी एप्रिल-मेमध्ये देशातल्या सर्वांत तापलेल्या गावांत असतात, पारा ४५ च्या वर जाणं नेहमीचं. अशा उन्हात तेल उकळेल की काय, अशी शंका येते. उन्हानं उकळत नाही. डॉट ४ चा उकळबिंदू कोरडा असताना किमान २३० अंश, शिमानोच्या खनिज तेलाचा त्याहून वर. उन्हाचा त्रास निराळा आहे. पॅड झिजून दट्टे पुढे आलेले असताना कुणी तेल भरलं आणि नंतर नवे जाड पॅड घालून दट्टे मागे रेटले असतील, तर टाकीतल्या पिशवीला फुगायला जागाच राहत नाही. अशी सायकल मेच्या दुपारी उन्हात उभी राहिली की तेल प्रसरण पावतं आणि ब्रेक आपोआप धरू लागतो. संध्याकाळी निघावं तर चाक जड लागतं. सावलीत ठेवली की सुटतं, म्हणून माणूस बुचकळ्यात पडतो. उपाय एवढाच, की वरचा स्क्रू उघडून जास्तीचं तेल निघू द्यायचं.

खरी उष्णता उतारावर तयार होते. गडचिरोलीचा बराच भाग सायकलस्वाराला सपाटच वाटतो. चढउतार हवा असेल तर चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिणेला माणिकगडच्या डोंगरात जावं. जिवतीच्या पठारावरून गडचांदूरकडे उतरताना ब्रेकची परीक्षा होते. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो आणि उतार २०० मीटरचा धरला, तर खाली येईपर्यंत जवळपास दोन लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. तेवढ्या उष्णतेत अर्धा-पाऊण लिटर पाण्याला घरी चुलीवर उकळी येईल. काही भाग वारा नेतो, बाकीचा शे-सव्वाशे ग्रॅमच्या दोन डिस्कना हवेत फेकावा लागतो. म्हणून सतत हलका ब्रेक धरून उतरू नये. वळणाआधी जोरात लावावा, मग पूर्ण सोडावा, म्हणजे मधल्या वेळात डिस्क निवते. दोन्ही ब्रेक वापरावेत. पुढच्या ब्रेकला भिऊन फक्त मागचा दाबत उतरणारे मागची डिस्क निळी करून ठेवतात.

इथे तेलांचा स्वभावभेद पुढे येतो. डॉट तेल हवेतलं पाणी शोषतं. पावसाळ्यात गॅरेजच्या फळीवर अर्धवट उघडी राहिलेली बाटली असं पाणी पीत असते. त्या तेलात ३.७ टक्के पाणी मुरलं, की प्रमाणित कसोटीनुसार डॉट ४ चा उकळबिंदू २३० वरून १५५ पर्यंत खाली येऊ शकतो. तेल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, आणि ऐन उतारावर लिव्हर हँडलला टेकतो. म्हणून डॉटच्या ब्रेकमधलं तेल वर्षातून एकदा तरी बदलून घ्यावं आणि बाटली सीलबंदच घ्यावी. ते सायकलच्या रंगावर सांडलं तर रंगही उचलतं. खनिज तेल पाणी शोषत नाही, त्यामुळे वर्षानुवर्षं टिकतं. पण कुठून पाणी शिरलंच तर ते मिसळत नाही, जड म्हणून खाली कॅलिपरमध्ये जाऊन बसतं, जिथे सर्वांत जास्त तापतं तिथेच. आणि पाणी शंभरालाच उकळतं.

आता प्रत्यक्ष काम. मोटारसायकलचा मिस्त्री हवा काढतो ती पद्धत सगळ्यांनी पाहिलेली आहे. एकजण लिव्हर पंप करून दाबून धरतो, दुसरा खालचा निपल पाव फेरा उघडून बंद करतो, मग पहिला लिव्हर सोडतो. मोटारसायकलच्या टाकीत तेल भरपूर असतं म्हणून हे जमतं. सायकलची टाकी चमचाभर. मागच्या ब्रेकच्या पाइपाचं भोक जेमतेम दोन मिलिमीटरचं, पावणेदोन मीटर लांबीत पाच-सहा मिलिलिटर तेल मावतं. चार वेळा दाबा-सोडा केलं की टाकी रिकामी होते आणि वरून नवी हवा आत ओढली जाते. म्हणून सायकलला तेल खालून वर ढकलतात. हवेला वर जायचंच असतं, तिला त्याच वाटेनं जाऊ द्यायचं.

शिमानोच्या साध्या ब्रेकचं उदाहरण घेऊ. लागतं ते असं: खनिज तेल, लिव्हरवर बसणारी छोटी नरसाळी आणि तिचा दट्टा, एक सिरिंज, पारदर्शक नळी, ७ मिलिमीटरचा पान्हा, २.५ ची अॅलन की आणि पुष्कळ चिंध्या. नळी मासे पाळण्याच्या टाकीची चालते. सिरिंज औषधाच्या दुकानातली चालते, पण खनिज तेलानं तिचं रबर फुगतं म्हणून एका कामापुरतीच धरावी. नरसाळीच्या आट्या नेमक्या असतात, ती मात्र विकतच आणावी.

सायकल स्टँडवर लावा, नाहीतर आंब्याच्या फांदीला दोरीनं सीटपासून टांगा. चाक काढा, पॅड काढून तेलापासून लांब ठेवा. दट्टे मागे रेटा आणि मधे नव्या ब्रेकसोबत मिळणारा प्लास्टिकचा ठोकळा घाला. नसेल तर तेवढ्याच जाडीचा लाकडाचा गुळगुळीत तुकडा तासून घ्या. हँडलवरचा लिव्हर सैल करून असा फिरवा, की टाकीचं झाकण जमिनीला समांतर राहील. वरचा बारीक स्क्रू काढून नरसाळी बसवा. स्क्रूसोबतची रबरी चकती अगदी इवलीशी असते, ती गवतात पडली की शोधत बसावं लागतं.

सिरिंजमध्ये तेल भरून ती उभी धरा आणि नळीतली हवा आधी काढून टाका. नळी कॅलिपरच्या निपलवर घट्ट बसवा, निपल पाव फेरा उघडा आणि तेल हळूहळू वर रेटा. घाई केली तर तेलातच फेस होतो. नरसाळीत आधी जुनं तेल येतं, काळपट, कधी राखाडी, आणि त्यातून बुडबुडे उठतात, काही मटाराएवढे, बरेचसे मोहरीएवढे. पान्ह्याच्या मुठीनं कॅलिपर आणि पाइप टकटक वाजवत राहा. पाइप जिथे वळतो आणि वळणाचा माथा वर असतो तिथे बुडबुडे दडून बसतात, टकटकीनं सुटतात. लाल तेल स्वच्छ दिसू लागलं आणि बुडबुडे थांबले, की निपल बंद करून सिरिंज काढा.

इथे थांबू नये. निपलवर दुसरी नळी लावून तिचं टोक बाटलीत सोडा, नरसाळीत तेल भरा आणि निपल उघडा. तेल आपल्या वजनानं खाली उतरतं. कॅलिपरमध्ये अडकलेली हवा या उलट्या वाटेनं बाहेर पडते. नरसाळी रिकामी होऊ देऊ नका. बुडबुडे थांबले की निपल बंद करा, लिव्हर दाबून धरा आणि निपल क्षणभर, अगदी अर्धा सेकंद, उघडून बंद करा. असं दोन-तीनदा. शेवटी निपल आवळून लिव्हर हलकेच दाबत-सोडत राहा आणि टाकी थोडी पुढे, थोडी मागे कलवा. शेवटचे हट्टी बुडबुडे टाकीच्या कोपऱ्यांत असतात आणि याच वेळी निघतात. लिव्हरची पहिली चाल मोकळी आणि मग एकदम भिंत लागल्यासारखं झालं, की काम झालं. नरसाळीत दट्टा घालून ती काढा. टाकी काठोकाठ भरलेली असताना स्क्रू लावायचा, म्हणजे थोडं तेल ओघळतं, ते ओघळू द्या. हवा आत राहण्यापेक्षा ते बरं.

मग सगळं अल्कोहोलनं पुसून काढा, पॅड चढवा, चाक बसवा. कॅलिपरचे दोन बोल्ट सैल करून लिव्हर दाबून धरला की कॅलिपर डिस्कच्या मधोमध येतो, तसाच धरून बोल्ट आवळा. बोल्टाला ६ ते ८ न्यूटन-मीटर पुरतात, मोटारसायकलच्या हातानं आवळू नका. नवे पॅड असतील तर मोकळ्या रस्त्यावर मध्यम वेगातून वीस-तीसदा ब्रेक लावून ते बसवावे लागतात. दरवेळी वेग पुरता कमी करायचा, पण चाक लॉक होऊ द्यायचं नाही. ही चाचणी दिवसाढवळ्या गावाजवळच्या रस्त्यावर करा. ताडोबाच्या बफरमधल्या किंवा ब्रह्मपुरीकडच्या जंगल रस्त्यावर पहाटे किंवा सांजवेळी एकटं सायकल घेऊन जाणं ब्रेक कितीही चांगला असला तरी शहाणपणाचं नाही. निघालेलं जुनं तेल नाल्यात किंवा बांधीत ओतू नका. गॅरेजवाल्याकडे जळक्या ऑइलचा डबा असतो, त्यात द्या.

एवढं वाचून कुणी विचारेल, की इतकी यातायात करून हा ब्रेक घ्यावाच का? भामरागड, एटापल्ली, कोरची, सिरोंचा इकडे राहणाऱ्याला मी म्हणेन, घेऊ नका. डिस्क हवीच तर केबलवर चालणारी घ्या. मानव विकास कार्यक्रमातून शाळकरी मुलींना मिळालेल्या सायकलींनी गावोगावी केबल ब्रेकचा मिस्त्री तयार ठेवला आहे. केबल तुटली तर ती आठवडी बाजारातही मिळते आणि बसवायला दहा मिनिटं लागतात. पर्लकोटा नदीला पूर येऊन भामरागडचा रस्ता बंद पडला तर खनिज तेलाची बाटली नागपूरहून यायची कशी? ब्रेकचा जोर थोडा कमी पडेल, वरचेवर आवळावं लागेल, पण सायकल चालती राहील. चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, गडचिरोली शहर इथे राहणाऱ्याचं, त्यातही माणिकगडच्या डोंगरात जाणाऱ्याचं गणित वेगळं आहे. त्याला हायड्रॉलिकचा खरा उपयोग होतो. एका बोटावर ब्रेक राहतो, उतारावर हात आखडत नाहीत, आणि पावसात भिजूनही जोर टिकतो. मात्र सायकल घ्यायच्या दिवशीच त्याच दुकानातून शंभर मिलिलिटर तेलाची बाटली, पॅडचा एक जादा जोड आणि नरसाळी घेऊन यावी.

सायकल विकणाऱ्यांना मात्र एक सांगणं आहे. हायड्रॉलिक ब्रेकची सायकल दुकानात ठेवता, तर तिचं तेलही ठेवा, आणि देताना गिऱ्हाइकाला लिव्हरच्या झाकणावरची ती बारीक अक्षरांतली सूचना बोट ठेवून दाखवा. त्या सायकलची गाठ उद्या गावातल्या मोटारसायकल मिस्त्रीशी पडणार आहे आणि त्याच्या फळीवर फक्त पिवळं तेल आहे.